पोटाचा घेर आणि बारीक बाईची शुगर

कुणी भाकरी उरकून बसली असेल, कुणी दळण निवडत असेल, कुणाच्या मांडीवर लेकरू असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे ठेवा. आणि एक करा, घरात शिवणकामाची टेप असेल तर जवळ घेऊन बसा. टेप नसेल तर सुतळीचा मोठा तुकडा चालेल. त्याचं काय करायचं ते पुढं सांगते.

आज बोलायचं आहे अंगावरच्या चरबीबद्दल. किती चरबी आहे यापेक्षा ती अंगात कुठं बसली आहे, याबद्दल. आपल्याकडं बाई जरा अंगानं भरलेली असली की म्हणतात, "खात्यापित्या घरची दिसते." काडीसारखी असली की म्हणतात, "हिच्या अंगाला काही लागतच नाही." दोन्ही गोष्टी डोळ्यानं बघून ठरवलेल्या. जाड बाईला बीपी-शुगर होणार, बारीक बाईला होणार नाही, असंही आपणच ठरवून टाकलेलं. गटाच्या बैठकीत तपासणी शिबिराचा विषय निघाला की बारीक बाया मागं सरकतात. "आम्हाला कामून? त्या जाड्या बायांना न्या." हे दर वेळी ऐकते मी.

तर आधी चरबी समजून घेऊ. पोटाच्या कातडीची चिमटी धरा. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. मांड्यांवर, कुल्ह्यांवर, दंडावर असते तीही हीच. दुसरी चरबी चिमटीत येत नाही. ती पोटाच्या आत असते, आतड्यांभोवती, काळजाखालच्या लिव्हरच्या आजूबाजूला आणि पुढं पुढं तर लिव्हरच्या आतसुद्धा. काही जणींचं पोट हाताला मऊ लागत नाही, टणक लागतं, डेऱ्यासारखं पुढं आलेलं असतं आणि चिमटीत मात्र फारसं काही येत नाही. अशा वेळी चरबी आतल्या बाजूला असण्याची शक्यता जास्त.

या दोन चरब्यांचे स्वभाव वेगळे आहेत. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात ज्वारी कणगीत भरून ठेवायच्या. कणगीतली ज्वारी कुणाच्या अध्यातमध्यात नसते. लागेल तेव्हा काढायची, पुन्हा भरायची. मांड्यांवरची, कुल्ह्यांवरची चरबी ही कणगीतल्या ज्वारीसारखी आहे, साठवणीची. आता समजा कणगी भरली आणि धान्य येतच राहिलं, तर पोती कुठं ठेवाल? आधी ओसरीत, मग माजघरात, मग चुलीपुढं. चुलीपुढं पोती आली की स्वयंपाकाला बसायला जागा राहत नाही, उंदीर-घुशी होतात ते वेगळंच. पोटातली चरबी म्हणजे चुलीपुढं आलेली पोती. आणि आपल्या लोकांची गोष्ट अशी की आपल्यातल्या बऱ्याच जणांची कणगीच लहान आहे. थोड्या खाण्यातच ती भरते आणि पोती लवकर आत येतात. म्हणून एखादी बाई दिसायला बारीक, हातापायाच्या काड्या, आणि तरी पोटात पोती रचलेली, असं होऊ शकतं.

आतड्यांकडून येणारं रक्त थेट लिव्हरला जातं. पोटातल्या या चरबीतून सुटणारे स्निग्ध पदार्थ त्याच वाटेनं लिव्हरवर येऊन पडतात. लिव्हर तुपकट होतं. सोनोग्राफीच्या कागदावर "फॅटी लिव्हर" लिहून येतं ते हेच, आणि त्याला दारू प्यायलाच पाहिजे असं नाही. आयुष्यात थेंब न घेतलेल्या बाईलाही होतं. असं लिव्हर इन्सुलिनचं ऐकत नाही. इन्सुलिन म्हणजे आपल्या अंगात तयार होणारा रस, जो रक्तातली साखर आवरतो. लिव्हर ऐकेना, स्नायू ऐकेनात, मग स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडत राहतं आणि काही वर्षांनी दमतं. तिथून शुगर सुरू. याच चरबीतून सूज वाढवणारे पदार्थही रक्तात जातात, रक्तवाहिन्या आतून खराब होतात, बीपी वाढतं, हृदयविकार आणि लकव्याचा धोका वाढतो. पाळी गेल्यानंतर होणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरचा आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा संबंधही वाढलेल्या चरबीशी आहे.

ही गोष्ट नवी नाही. फ्रान्समधल्या मार्सेय गावच्या जाँ वाग नावाच्या डॉक्टरांनी १९४७ सालीच लिहून ठेवलं होतं की वरच्या अंगाला, पोटाला चरबी धरणाऱ्यांना मधुमेह आणि हृदयाचे आजार जास्त होतात, मांड्या-कुल्ह्यांवर धरणाऱ्यांना कमी. पुढं ५२ देशांतल्या सुमारे २७ हजार लोकांचा अभ्यास झाला, २००५ मध्ये छापून आला. त्यातही दिसलं की हृदयाच्या झटक्याचा अंदाज वजनावरून जितका येतो, त्यापेक्षा कंबर आणि कुल्ह्यांच्या मापावरून जास्त चांगला येतो. म्हणजे ज्या रुंद कुल्ह्यांवरून पोरींना चिडवतात, त्यांनी काही बिघडवलेलं नसतं. बिघडवतं ते पोट.

पण आपल्यासाठी खरं काम झालं ते आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मधुमेहावर कित्येक वर्षं काम केलं आहे. त्यांचा आणि इंग्लंडचे डॉक्टर जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मोठ्या मासिकात छापला गेला. दोघं शेजारी उभे. उंचीच्या मानानं वजनाचा जो आकडा काढतात, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. कागदावर दोघं सारखेच सडपातळ. मशीननं चरबी मोजली तेव्हा इंग्लंडच्या डॉक्टरांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! स्वतःच्याच अंगाचा दाखला जगापुढं ठेवायला धाडस लागतं, मला तरी त्याचं कौतुक वाटतं. बाहेरून बारीक आणि आतून चरबीचा, हा आपला भारतीय बांधा आहे.

आता तुम्ही म्हणाल, हा बांधा येतो कुठून? त्याचंही उत्तर पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतून आलं. १९९३ पासून तिथल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू झाला. त्या बाया आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या, लहान चणीच्या. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. बाळ लहान, म्हणजे सगळंच लहान असेल असं वाटावं. पण मोजलं तेव्हा दिसलं की आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पाठीवरची कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून. म्हणजे बारीक अंग आणि त्यात राखलेली चरबी, ही जोडी आईच्या पोटातूनच सुरू होते. पोटात पुरेसं मिळालं नाही की बाळाचं अंग काटकसर करतं, आणि ती काटकसर स्नायूंवर होते. तीच मुलं पुढं अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. मुलांमध्ये तिघांत एकापेक्षा जास्त जणांची आणि मुलींमध्ये पाच-सहा जणींत एकीची साखर नेहमीपेक्षा वर गेलेली. अठरा वर्षांची, खेड्यातली, आणि बहुतेक बारीकच.

त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या आणि त्या मी प्रत्येक सासूबाईंना सांगते. गरोदरपणात ज्या बाया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध वारंवार खात होत्या, त्यांची बाळं जास्त भरलेली होती. आणि ज्यांना गरोदरपणात जड काम होतं, पाणी वाहणं, शेतात राबणं, त्यांची बाळं लहान. हजार-दोन हजारांचे डबे आणून देण्याची गरज नाही. करडईची कोवळी भाजी, तांदुळजा, अंबाडी, शेवगा, घरचं दूध. आणि सातव्या महिन्यात डोक्यावरचा हंडा दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा. त्या अभ्यासातल्या बऱ्याच बायांना बी-१२ या जीवनसत्त्वाचीही कमतरता होती. ते दूध, दही, अंडी, मांसात असतं, भाजीत नसतं. आपल्या घरात दूध डेअरीला जातं, अंडी पोरांना जातात आणि सुनेच्या ताटात वरण उरलं तर उरलं. पुढच्या पिढीच्या शुगरचा एक धागा त्या ताटात आहे.

आमच्या गटातल्या एक काकू आहेत. नाव सांगत नाही. वजन ४२ किलो, हात बघितले तर वेळूच्या काठीसारखे, पण पोट चांगलं पुढं आलेलं. गावात शिबिर झालं तेव्हा शेजारणीला सोबत म्हणून आल्या आणि सिस्टरनी त्यांचंही बोट टोचलं. शुगर २९० आली. काकू म्हणाल्या, "मशीन बिघडली असंल. माझ्या अंगावर मूठभर मांस न्हाई, मला कशाची शुगर?" दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी तपासली, तरी वाढलेलीच. गोळ्या दिल्या. पंधरा दिवस खाल्ल्या आणि सोडल्या. घरच्यांनीही सांगितलं, बारीक माणसाला शुगर नसती, गोळ्यांनी अजून बारीक होशील. पुढच्या हंगामात हळद शिजवायच्या दिवसांत कढईजवळ काम करताना पायाला चटका बसला. बसलेला कळलाच नाही, कारण शुगरमुळं पायाची जाणीव कमी झालेली. तीन आठवडे नुसती हळद भरत राहिल्या. शेवटी अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं.

गटाचं रजिस्टर माझ्याकडं असतं. त्या काकूंच्या नावावर आधी १५ हजार आणि मग २० हजार कर्ज आहे, दोन्हींपुढं कारण लिहिलंय "दवाखाना". शेळ्या घ्यायला म्हणून त्यांनी चार वर्षं बचत केली होती. शेळ्या आल्या नाहीत. मी हे सांगते ते भीती घालायला नाही. गटाच्या पैशाचं काय होतं ते सांगते. तुमच्याही रजिस्टरात "दवाखाना" हा शब्द किती वेळा आलाय ते एकदा बोट ठेवून मोजा.

आणि हे एकट्या काकूंचं नाही. २०१९ ते २०२१ मध्ये सरकारचं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात पहिल्यांदाच वजनाबरोबर कंबरही मोजली. वजनाच्या हिशेबानं देशातल्या १०० बायांत २४ जणी जाड भरल्या. कंबरेच्या हिशेबानं मात्र ४० जणी धोक्याच्या रेषेपुढं. तीस ते पन्नास वर्षांच्या बायांत तर दहातल्या पाच-सहा जणी. पुरुषांत तोच आकडा शंभरात १२. म्हणजे कितीतरी बाया अशा की ज्यांना वजनकाटा "ठीक आहे" म्हणतो आणि टेप "ठीक नाही" म्हणते.

चला, आता टेप घ्या. सरळ उभं राहायचं. साडीच्या निऱ्या काढायच्या, परकराची नाडी सैल करायची, नाहीतर नाडीचंच माप येतं. हातानं चाचपून सगळ्यात खालची बरगडी शोधा, मग कंबरेच्या हाडाचा वरचा कंगोरा शोधा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी, जमिनीला समांतर गुंडाळा. कातडीत रुतेल इतकी आवळायची नाही. पोट आत ओढायचं नाही, इथंच सगळ्या जणी फसवतात! श्वास साधा सोडायचा आणि आकडा वाचायचा. बाईसाठी ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही रेषा. पुरुषासाठी ९० सेंटीमीटर, साडेपस्तीस इंच. मालकांचंही मोजा. करदोडा दर वर्षी वाढवून घेतात ते कशामुळं, ते त्यांनाही कळू द्या.

टेप नसेल तर सुतळी. पायाच्या टाचेपासून डोक्यापर्यंत आपल्या उंचीइतकी सुतळी मापून तोडा. ती मधोमध दुमडा आणि अर्ध्यावर कापा. तो अर्धा तुकडा पोटाभोवती, आता सांगितलं त्याच जागी, फिरवा. टोकाला टोक भिडलं तर चांगलं. नाही भिडलं तर पोट उंचीच्या अर्ध्याहून जास्त आहे आणि लक्ष द्यायची वेळ आली. अक्षर न येणाऱ्या आजीलाही हे माप घेता येतं म्हणून मला ते आवडतं. पाच फूट उंचीच्या बाईचा अर्धा तुकडा ३० इंच भरतो, म्हणजे आपल्या ठेंगण्या बायांना सुतळी टेपच्या जरा आधीच सावध करते. त्याला हरकत नाही.

हे माप घ्यायला शहरात जावं लागत नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई भरतात, त्याला सीबॅक म्हणतात. त्यात कंबरेचा प्रश्न आहे. बाईची कंबर ८० पर्यंत असली तर शून्य गुण, ८१ ते ९० ला एक, ९० च्या वर दोन. वय, तंबाखू, दारू, अंगमेहनत, घरात कुणाला बीपी-शुगर-हृदयविकार आहे का, याचे गुण मिळवून चारच्या वर गेले की तपासणीला आधी बोलवायचं. तंबाखूच्या प्रश्नाला बाया सरळ "नाही" म्हणतात. मिश्री ही तंबाखूच आहे, बायांनो. दात घासायला लावली म्हणून ती मंजन होत नाही. आणि बऱ्याच ठिकाणी कंबरेचा आकडा अंदाजानं भरला जातो, कारण बाया लाजतात आणि आशाताईंनाही दहा घरं उरकायची असतात. तुम्हीच म्हणा, "ताई, टेप लावा."

माप वाढलेलं निघालं म्हणजे आजार झाला असं नाही. माप सांगतं की तपासून घ्या. उपाशीपोटी शुगर १०० च्या आत असावी. १२६ किंवा वर दोनदा आली तर मधुमेह. मधली असेल तर अजून वेळ हातात आहे. बीपी १४०/९० च्या वर राहायला नको. उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात या तपासण्या फुकट होतात.

आता वयाचं. पाळी चालू असते तोवर अंगातलं स्त्रीचं हार्मोन चरबी मांड्या-कुल्ह्यांकडं वळवतं, म्हणजे कणगीत. पाळी जाते तेव्हा ते कमी होतं आणि चरबी पोटाकडं सरकते. खाणं तेच, काम तेच, वजनही तेच, तरी ब्लाऊज सैल आणि परकर घट्ट, असं पंचेचाळीस-पन्नाशीत होतं ते यामुळं. इथं एक कडू गोष्ट बोलायला हवी. आपल्याकडं तिशी-पस्तिशीत "पिशवी काढून टाका" हा सल्ला फार सहज दिला जातो आणि बायाही ऊसतोडीला, मजुरीला जायचं म्हणून मान्य करतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांबद्दल २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे तुम्ही ऐकलं असेल. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर त्या बाईची पाळी जायची वेळ एका दिवसात येते, दहा-पंधरा वर्षं आधी. मग पोट, हाडं, हृदय, सगळ्यांचाच धोका आधी सुरू होतो. कधी कधी ऑपरेशन खरंच लागतं, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, आणि "अंडाशयं ठेवणार का" हा एक प्रश्न तोंडानं विचारा. ज्यांचं आधीच झालंय त्यांनी तीस वर्षांचा नियम सोडून दर वर्षी शुगर-बीपी बघायचं.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न. "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसलं चालायला सांगता?" खरं आहे. निंदणीला, कापूस वेचायला जाणारी बाई बसून नसते. पण सगळ्या जणी वर्षभर जातात का? तणनाशक आलं, निंदणीचे दिवस कमी झाले. सोयाबीन काढायला मळणीयंत्र. दळण गिरणीत, पाणी नळाला, मिरची मिक्सरला. ही सुखं यायलाच हवी होती, जात्यावर परत बसा असं मी मुळीच म्हणणार नाही. फक्त हिशेब बदलला आहे. हंगामात चार महिने मरमर आणि उरलेले आठ महिने घरातली उभ्या-उभ्याची कामं, ज्यात दम लागत नाही. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, दम लागेल पण बोलता येईल अशा चालीनं चालायला हवं.

आणि इथं खरी अडचण पायाची नसते, लोकांच्या तोंडाची असते. एकटी बाई सकाळी रस्त्यानं नुसती चालताना दिसली की, "कुठं निघालीस गं? काही झालं का घरी?" एका गटातल्या सुनेला सासऱ्यांनी विचारलं होतं, "आपल्याला काय कमी पडलं की रस्त्यावर फिरतीस?" त्यावर त्या गटानं काढलेली युक्ती सांगते. सात-आठ जणी मिळून निघतात आणि म्हणतात, बचतीचं काम आहे. कुणी विचारत नाही. खोटं तरी कुठं आहे?

चालण्याबरोबर स्नायूही हवेत, कारण रक्तातली साखर सगळ्यात जास्त खेचून घेतात ते स्नायू. आपल्या बारीक बाईकडं नेमके तेच कमी आहेत. भिंतीला हात टेकून जोर काढा, बाजेवर बसून हात न लावता उठा, दहा-दहा वेळा. घागर उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यात वाका, तोही व्यायामच.

खाण्याबद्दल. बारीक अंगाच्या आणि पोट सुटलेल्या बाईनं उपाशी राहू नये. ती उपाशी राहिली की आधी स्नायू जातात, पोट तसंच राहतं. तिनं चहा आणि तेल कमी करावं आणि डाळ वाढवावी. दिवसातून पाच-सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, बरोबर बिस्किटं किंवा टोस्ट, हे मोजून बघा. पाहुणा आला की चहा, बैठक असली की चहा, भांडण मिटलं की चहा. आमच्या गटानं बैठकीचा चहा अर्धा कप केला, तेवढ्यानंही सहा महिने कुरकुर चालली होती. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर धरा. पाच माणसांच्या घरात अडीच लिटर. किराण्याच्या यादीत पाच लिटरचा कॅन दिसत असेल तर उत्तर तिथंच आहे. उपवासाची साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी, हा उपवास पोटाला मोठं जेवण ठरतो. भगर, दही, शेंगदाण्याची पातळ आमटी, एखादं फळ एवढ्यावर भागवा.

सोयाबीनचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये छत्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिनं, आपल्या कुठल्याही डाळीहून जास्त. आपण ते पिकवतो आणि शेवटच्या पोत्यापर्यंत मोंढ्यावर घालतो, घरात मूठभर ठेवत नाही. कच्चं खायचं नाही, ते पचत नाही. उकळत्या पाण्यात वीसेक मिनिटं शिजवा, कडकडीत वाळवा, आणि नऊ किलो ज्वारीला किंवा गव्हाला एक किलो या हिशेबानं दळणात घाला. भाकरीची चव फार बदलत नाही.

ज्यांची शुगर मधल्या आकड्यात आहे त्यांच्यासाठी चेन्नईचा एक अभ्यास सांगते, २००६ मध्ये छापलेला. साखर किंचित वाढलेल्या ५३१ भारतीय लोकांना गटागटांत वाटून सुमारे अडीच-तीन वर्षं बघितलं. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला दिला, त्यांच्यात १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांचं चालणं आणि खाणं पाठपुरावा करून बदललं, त्यांच्यात ३९ जणांना. यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी की त्या दुसऱ्या गटाचं वजन फारसं कमी झालंच नव्हतं. तरी फायदा झाला. म्हणून काटा हलला नाही तर चालणं सोडू नका.

पोट कमी करायचा पट्टा, चोळायचं तेल, पाण्यातून घ्यायची पावडर, यांच्या जाहिराती मोबाईलवर येतात, आठवडी बाजारातही कुणीतरी विकतं. पट्ट्यानं घाम जातो, चरबी जात नाही. एकाच जागची चरबी काढून घेणारा कुठलाही व्यायाम नाही, तेल नाही. सगळ्या अंगाची कमी होते तेव्हा मात्र पोटाच्या आतली बऱ्यापैकी आधी हलते, ही आपल्या बाजूची गोष्ट.

मागच्या वेळी एका बहिणीनं फोन करून विचारलं होतं की बाळंतपणानंतर सव्वा महिना पोट बांधलं तर पुढं पोट सुटत नाही, हे खरं का? सैल कपडा बांधला तर कंबरेला जरा आधार वाटतो, तेवढाच उपयोग. चरबी त्यानं थांबत नाही. घट्ट आवळून बांधू नका, आतल्या अवयवांवर दाब येतो, आणि टाके असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. बाळाला अंगावर पाजणं आणि बाळंतिणीला नुसत्या तुपाऐवजी डाळ, भाजी, अंडं, दूध देणं जास्त कामाचं. गरोदर बायांनी मात्र सुतळीचं माप घेऊच नये, त्यांचा हिशेब वेगळा.

पुढच्या बैठकीला एक टेप घेऊन या. रजिस्टरच्या शेवटच्या पानावर नाव, उंची आणि कंबर असे तीन रकाने पाडा, पुढं तारीख लिहा, आणि तीन महिन्यांनी त्याच ओळीत पुन्हा लिहा. एकमेकींचा आकडा गावात सांगायचा नाही, हा ठराव आधी करून घ्या, नाहीतर दुसऱ्या वेळी निम्म्या बाया येणार नाहीत. ज्यांचा आकडा ऐंशीच्या पुढं असेल त्यांची यादी आशाताईंना द्या आणि उपकेंद्रावर सगळ्या जणी एकाच दिवशी, उपाशीपोटी, सकाळी नऊच्या आत जा. भाकरी बांधून न्या, रक्त दिलं की तिथंच खायची. त्या काकू आता गोळ्या वेळेवर घेतात आणि यादीत पहिलं नाव त्यांनी स्वतःचं लिहायला लावलंय.